होसवाडीहून सुटलेली गाडी

१ डिसेंबर २०२५, सोमवार

चिंचरगीच्या वाचनालयाच्या इंद्रजीतचा फोन आला. येत्या सव्वीस जानेवारीला चिंचरगी संस्थानच्या रेल्वेला शंभर वर्षं होतात. चाळीस पानांची पुस्तिका काढायची आहे. "मॅडम, शेवटच्या स्टेशनमास्तरांच्या कन्या तुमी. तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" चौतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, स्वतःचं असं काही लिहिलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं आणि सोलापुरातल्या आमच्या शुक्रवार पेठेतल्या दुकानातून ही जाड वही आणली. टिपणं इथेच करीन. घरचंही काही मधे येईल, त्याला इलाज नाही.

घरचं म्हणजे ऋतुजाचं, माझ्या लेकीचं. डेहराडूनच्या एका संस्थेत गवतांवर संशोधन करायला तिची निवड झाली. तीन वर्षं. बारा जानेवारीला मूळ प्रमाणपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. पत्र तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. मी म्हटलं, "जा की. मी कुठं अडवलंय?" मग जरा गरगरल्यासारखं झालं म्हणून आडवी झाले. तिनं बीपी पाहिलं. ठीक होतं, पण मशीनचा काय भरवसा!

४ डिसेंबर, गुरुवार

आप्पांची, माझ्या वडिलांची, ट्रंक माळ्यावरून काढून घेतली. आप्पांना जाऊन सोळा वर्षं झाली, तरी झाकण उघडलं की रॉकेल आणि तपकिरीचा तोच वास. आत टोपी, हिरवा बावटा, हातकंदील, गाड्यांच्या नोंदींचं रजिस्टर आणि तो गोळा.

गोळा पोलादी, नारळाएवढा, हाताला गार. एका बाजूला 'चिंचरगी', दुसऱ्या बाजूला 'होसवाडी' कोरलेलं. एकेरी लाईन असली की हा नियम: दोन स्टेशनांमधे एका वेळी एकच गोळा बाहेर, म्हणून एकच गाडी. स्टेशनमास्तरनं, पुढच्या स्टेशनाशी तारेनं जोडलेल्या मशीनमधून गोळा काढून ड्रायव्हरच्या हातात दिला तरच गाडी सुटणार. सिग्नल पडला, शिट्टी झाली, लोक "चला चला" म्हणाले, तरी गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर चाक हलवायचा नाही. लहानपणी मी आप्पांना विचारायची, "रस्ता तर मोकळा दिसतोय, मग का थांबलाय तो?" आप्पा म्हणायचे, "मोकळं दिसतंय म्हणून कुणी जातं का, बाळ? देणाऱ्यानं द्यावं लागतं."

रेल्वे बंद झाली तेव्हा आठवण म्हणून आप्पांना तो मिळाला असणार. कागद उडू नयेत म्हणून मी टेबलावर ठेवला आहे.

ट्रंक रिकामी झाली होती, म्हणून ऋतुजाची मूळ प्रमाणपत्रांची फाईल कपाटातून काढून ट्रंकेत ठेवली आणि वर बावटा घातला. कपाटात कसर लागते. सांभाळून ठेवलेलं बरं.

९ डिसेंबर, मंगळवार

पहिलं प्रकरण लिहिलं. चिंचरगीकर सरकारांनी रेल्वे का काढली, याच्या दोन कथा. दरबारी कागद म्हणतात, भुईमूग आणि कापूस मोठ्या लाईनीपर्यंत न्यायला. गावातली माणसं म्हणतात, राणीसाहेबांचं माहेर लांब होतं आणि बैलगाडीत त्यांच्या पोटात ढवळायचं. मी दोन्ही लिहिल्या. मला खरी वाटते ती दुसरी.

अडीच फुटांचे रूळ, बावीस मैल, पाच स्टेशनं. इतकी सावकाश गाडी की गार्ड मधेच उतरून बोरं वेचायचा आणि चालत येऊन शेवटचा डबा गाठायचा. हुरड्याच्या दिवसांत तर ड्रायव्हर वाफेचं काहीतरी निमित्त काढून माळावर अर्धा तास थांबायचा आणि सगळे उतारू आगटीभोवती बसायचे. उशिराचं कारण म्हणून आप्पा रजिस्टरमधे लिहायचे, 'हवामान'.

दुपारी गच्चीवर ऊन घेत बसले होते. खालच्या गल्लीत मागाची खटखट चालू होती. ऐकता ऐकता ती चाकांची झाली, आणि मी परकरात, खिडकीशी, ज्वारीची कणसं हाताला लागतील इतक्या जवळून चाललेली. कणसांवर ऊन होतं. गाडी कुठं चालली आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कुणाला त्याची काळजीही नव्हती. ऋतुजानं हाक मारली तेव्हा ऊन उतरलं होतं. "आई, तू झोपेत हसत होतीस," म्हणाली.

१३ डिसेंबर, शनिवार

ऋतुजा तिकिटाचं विचारत होती. मी एवढंच म्हटलं की चौदा जानेवारीला संक्रांत, सिद्धेश्वराची जत्रा, गड्डा भरणार. सोलापुरात जन्मलेलं माणूस गड्डा टाकून जातं का? त्यांना दोन दिवस उशीर चालतो का विचारून तर बघ. ती म्हणाली, "आई, तारीख त्यांनी ठरवलीय, मी न्हाई." मी म्हटलं, बरं बाई, जा. तुझे बाबा गेल्यापासून आपण दोघी प्रत्येक गड्ड्याला बरोबर गेलोय, एवढंच आठवलं म्हणून बोलले.

रात्री ती फार जेवली नाही. आजकालच्या मुली डाएट करतात.

१९ डिसेंबर, शुक्रवार

फाईल सापडेना. ऋतुजानं कपाट उपसलं, दिवाणाखाली पाहिलं, गाद्या उचकल्या. मीही तिच्याबरोबर सगळं घर पालथं घातलं, अगदी पिठाच्या डब्यामागेही पाहिलं. "तू शेवटची कधी पाहिलीस, आई?" मला काही आठवेना. घरात वस्तू इकडच्या तिकडं होतातच. वय झालं की डोकं चालत नाही, ही तर जगाची रीत.

विद्यापीठातून नवीन प्रती काढायला दीड महिना लागेल म्हणे. ती पलंगावर बसून राहिली. मी तिच्या केसांना तेल लावलं, किती तरी दिवसांनी. तिनं डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. फार बरं वाटलं.

२४ डिसेंबर, बुधवार

काही लिहिलं नाही. डोकं जड. ऋतुजानं रजा टाकली आणि मऊ भात करून दिला.

३० डिसेंबर, मंगळवार

आप्पांचं रजिस्टर शेवटपर्यंत वाचलं. अक्षर मोत्याचं. प्रत्येक ओळीत चार रकाने: गाडी कुठून निघाली, कधी पोचली, गोळा मशीनमधे कधी टाकला, आणि पलीकडच्या स्टेशनला घंटा कधी दिली; उशीर झाला तर शेवटी कारण. गाडी पोचली की आप्पांनी गोळा मशीनमधे टाकायचा आणि घंटा द्यायची. मग होसवाडीच्या मास्तरला कळणार की लाईन मोकळी झाली; तोवर कुठल्याच बाजूनं दुसरी गाडी सुटायची नाही.

शेवटची ओळ ३० जून १९८१ ची. होसवाडीहून निघाली ५.२५. चिंचरगीला पोचली ६.१२. पुढचे दोन रकाने कोरे.

आप्पांनी कोरा रकाना सोडला? जेवणाच्या ताटात मीठ कमी पडलं तरी वेळेसकट सांगणारा माणूस! शेवटचा दिवस, मन भरून आलं असेल. पुस्तिकेत तसंच लिहिते. वाचकांच्या डोळ्यांत पाणी येईल.

त्या दिवसाचं मला आठवतं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रिकामे डबे चिंचरगीहून होसवाडीवरून मोठ्या लाईनीकडे शेवटचे परत जायचे होते आणि त्यातून मी पुण्याला जाणार होते. कॉलेजला प्रवेश, वसतिगृहात जागा, सगळं ठरलेलं, फक्त दोन जुलैला अकरा वाजता मुलाखतीला हजर राहायचं. आई वारून वर्ष झालं होतं. मी वेणी घालून, वळकटी घेऊन फलाटावर बसले. मशीन बिघडलं म्हणून गाडी सुटलीच नाही. एसटी तेव्हा फक्त बाजारच्या दिवशी, गुरुवारी दुपारी. तिसऱ्या दिवशी साहेब आले, कागदावर परवानगी लिहून डबे काढून नेले. तोवर माझी जागा गेली होती. मग सोलापूरला डीएड, नोकरी, लग्न. आप्पा शेवटपर्यंत म्हणायचे, "मी तुला कधी अडवलं न्हाई, विजू. गाडीच सुटली न्हाई." खरंच होतं ते. नशिबापुढं कुणाचं चालतं?

६ जानेवारी २०२६, मंगळवार

हे नीट लिहायला हवं.

त्या कोऱ्या रकान्यानं चैन पडेना. इंद्रजीत म्हणाला होता, होसवाडीचे मास्तर ईश्वरप्पा अजून आहेत, एकदा भेटून घ्या. म्हणून सकाळच्या एसटीनं अक्कलकोट, तिथून जीपनं होसवाडी. स्टेशनची इमारत आता त्यांच्या शेताला लागून आहे. छप्पर नाही, पण फलाटावरची नावाची पाटी मराठीतून आणि कानडीतून शाबूत आहे. रूळ कधीच उपटले. त्यांच्या जागी बाभळींची एक सरळ ओळ चिंचरगीकडे गेली आहे.

ईश्वरप्पा त्र्याहत्तर वर्षांचे, ताठ, पांढरा सदरा. "बर्री, अक्का, बर्री! या की आत. मास्तरांच्या मुली की तुमी?" त्यांच्या बायकोनं, कमलम्मानं, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढे ठेवली. घरात, देवघराशेजारी, एक लाल लोखंडी मशीन होतं. रेल्वे भंगारात गेली तेव्हा त्यांनी ते उचलून आणलेलं. काटा एकाच खुणेवर: 'गाडी लाईनवर'.

मी म्हटलं, "त्या दिवशी मशीन बिघडलं होतं ना?"

ईश्वरप्पा म्हणाले, "मशीन कशाला बिघडंल, अक्का? मास्तरांनी गोळाच टाकला न्हाय आत. गोळा आत गेला न्हाय, घंटा आली न्हाय, मग माझ्याकडं लाईन बंद. मी नवा पोऱ्या, नोकरीला चार म्हैनं झालेलं. नियम सोडून तिकडनं गाडी सोडा असं सांगू कसं? सकाळी मीच तारंवर विचारलं, मास्तर, गोळा टाका की. ते म्हणले, सापडंना."

"सापडेना?"

"व्हय. सापडंना, म्हणले. एवढा मोठा गोळा! मेमो मलाच आला." ते हसले, पण राग नव्हता त्यात. "मग लई वर्सांनी अक्कलकोटला भेटले मठात. मीच विचारलं, मास्तर, खरं काय झालं? म्हणले, ईश्वरप्पा, गोळा माझ्या धोतराच्या सोग्यात होता. पोरगी सकाळी जाणार होती. मी तिला जाऊ नको असं म्हणलो न्हाय. फक्त गोळा टाकला न्हाय."

भाकरीचा तुकडा माझ्या हातात तसाच राहिला.

कमलम्मा म्हणाली, "ह्यांच्या हिशेबानं ती गाडी अजून वाटंतच हाय. रोज सहाला फलाटावर जाऊन उबं ऱ्हातेत. मी म्हणते, येडं लागलंय. पण एकदा मलाबी ऐकू आली."

सहा वाजता आम्ही तिघं फलाटावर उभे राहिलो. बाभळींतून ऊन तिरपं आलं होतं. वारा नव्हता. मला चाकं ऐकू आली असं लिहिलं तर खोटं होईल. पण माळावरून काहीतरी हळू हळू येत होतं आणि पोचत नव्हतं. खिडकीत एक मुलगी होती, वेणी घातलेली, मांडीवर वळकटी. चव्वेचाळीस वर्षं ती तिथेच बसली आहे, आणि मी नशीब म्हणून मोकळी झाले होते.

आप्पांचा इतका राग मला कधीच आला नव्हता. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून जीपमधे रडले.

७ जानेवारी, बुधवार

पुस्तिकेसाठी तारखा लावायला ही वही पहिल्यापासून वाचायला घेतली. चार डिसेंबरला येऊन थांबले.

'ट्रंकेत ठेवली आणि वर बावटा घातला.' माझंच अक्षर.

आणि एकोणीस तारखेला, 'मला काही आठवेना.' तेही माझंच.

मी खोटं बोलले नव्हते. खरंच आठवलं नव्हतं, हे शपथेवर सांगेन. आप्पांनाही 'सापडंना' म्हणताना तो सोग्यातला गोळा जड लागला नसेल का? गरगरणं, गड्डा, तेल लावणं, मऊ भात. सगळं वाचलं. मुलांच्या वहीत असं काही सापडलं असतं तर मी लाल शाईनं खूण केली असती आणि पालकांना बोलावलं असतं.

ट्रंक उघडली. बावटा उचलला. फाईल होती.

ऋतुजा ऑफिसात होती. ती येईपर्यंत फाईल मांडीवर घेऊन बसले. एकदा वाटलं, हळूच कपाटात सरकवावी. 'अगं, इथंच होती की' म्हणावं. तेवढंही मनात आलं, ते इथे लिहून ठेवते.

ती आली. मी म्हटलं, "फाईल मी ट्रंकेत ठेवली होती. चार तारखेला. तू जाऊ नयेस म्हणून."

ती चप्पल घालूनच उभी राहिली. "मला माहीत होतं, आई."

"काय?"

"ट्रंकेत हाय ते. वीस तारखेलाच बघितली मी."

"मग घेतली का नाहीस?"

तिचा चेहरा लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला. "तू दिली नव्हतीस ना," म्हणाली. "तशी घेऊन गेले असते तर तिथं जाऊन रोज वाटलं असतं, चोरून आलेय म्हणून. मी तिकीट बी काढून ठेवलंय, नऊ तारखेचं. उद्या रद्द करणार होते."

मी उठले. फाईल दोन्ही हातांनी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "जा."

'मी कुठं अडवलंय' हे म्हणाले नाही. नुसतं जा. मग दोघी खूप रडलो, आणि मग भूक लागली म्हणून पिठलं केलं.

९ जानेवारी, शुक्रवार

तिला गाडीत बसवून आले. गाडी हलली तेव्हा ती दारात उभी होती, एका हातात फाईल. सूटकेसमधे टाक म्हटलं तर ऐकेना. घरी आल्यावर दोन कप चहा टाकला. दोन्ही मीच प्याले.

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी ऋतुजाचा फोन. "पोचले, आई. हजर झाले. लई थंडी हाय." मी वेळ लिहून घेतली.

१४ जानेवारी, बुधवार

आज संक्रांत. खाली सगळी पेठ नटून गड्ड्याला निघाली होती आणि मी पिशवीत गोळा घेऊन उलट्या दिशेनं, होसवाडीला. जीपवाला म्हणाला, "मावशी, काय एवढं जड?" मी म्हटलं, "वडिलांची वस्तू आहे, परत करायचीय."

ईश्वरप्पांनी गोळा हातात घेतला आणि नावं बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "तुमी टाका." मी म्हटलं, "नाही. गाडी तुमच्याकडून सुटली होती. माझ्या बापाची चूक आहे, पण पोचल्याचं तुम्हाला कळायला हवं." शेवटी दोघांनी मिळून टाकला. आत कुठंतरी गडगडत गेला आणि ठक्क झालं. काटा जागचा हलायला तयार नव्हता, गंजलेला. ईश्वरप्पांनी बोटानं ढकलला: 'गाडी लाईनवर'वरून 'लाईन मोकळी'वर. घंटा वाजायला तारा कुठं होत्या? कमलम्मानं देवघरातली घंटा वाजवली.

त्यांनी आपलं जुनं रजिस्टर काढलं. ३० जून १९८१ च्या ओळीत घंटा आल्याचा रकाना कोराच होता. चष्मा लावून त्यांनी आजची तारीख आणि वेळ घातली, ४.०५. शेवटी 'उशिराचं कारण' असा रकाना. पेन थांबलं. माझ्याकडं बघितलं.

आप्पांवरचा राग शोधून पाहिला. होता, पण आता त्यात मीही बसले होते. आई गेल्यावरच्या त्या रिकाम्या क्वार्टरमधे सोग्यात गोळा धरून बसलेला सेहेचाळीस वर्षांचा माणूस मला दिसला, आणि त्याला किती भीती वाटत होती तेही दिसलं.

"हवामान लिहा," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं.

मग आम्ही फलाटावर गेलो. संक्रांतीचा तिळगूळ कमलम्मानं हातावर ठेवला. बाभळींची ओळ उन्हात लांबवर दिसत होती, आणि तिच्यात कुणी अडकलेलं नव्हतं. ईश्वरप्पा ताठ उभे राहिले, गळ्यात शिट्टी असल्यासारखे, आणि रिकाम्या माळाकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "लाईन मोकळी हाय. आता कोण जाणार?"

चौतीस वर्षं मी वर्गात हात वर करणारी मुलं पाहिली. आज मी हात वर केला.